युनिव्हर्सिटीत अर्थशास्त्र शिकून नक्की काय मिळतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी अर्थशास्त्रात ग्रॅज्युएशन केलं, मग मास्टर्स केलं आणि आता दिवसभर डेटात डोकं घालून बसणं हेच काम आहे. ओळखीतलं कुणी विषय निवडायच्या टप्प्यावर आलं की त्यांचे किंवा त्यांच्या आईवडिलांचे प्रश्न माझ्याकडे येतात, आणि ते जवळपास तेच तेच असतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. हा विषय मला मनापासून आवडतो हे आधीच सांगतो, पण आवडतो म्हणून सगळ्यांनी घ्यावा असं माझं म्हणणं नाही.

अर्थशास्त्र म्हणजे पैशांचा अभ्यास ना? शेअर मार्केट शिकवतात का?

नाही हो. शेअर मार्केट एखाद्या पेपरात येतं, पण कुठला शेअर घ्यावा हे कुणीही शिकवत नाही. सगळ्यांना सगळं पुरेल इतकं कधीच नसतं, मग कुणाला काय मिळतं, कसं ठरतं आणि याहून बरं ठरवता येईल का, हा खरा विषय आहे. वेळ, जमीन, हॉस्पिटलमधले बेड, शाळेतल्या जागा, सगळं यात येतं.

पैशाचा संबंधच नसलेलं एक उदाहरण देतो. नवऱ्याला बायकोसाठी किडनी द्यायचीय पण रक्तगट जुळत नाही. दुसरीकडे तशीच अडकलेली आणखी एक जोडी आहे. पहिल्या नवऱ्याची किडनी दुसऱ्या जोडीतल्या पेशंटला चालते आणि तिकडची इकडे चालते, म्हणजे अदलाबदल केली की दोघंही पेशंट वाचतात. जवळपास सगळ्याच देशांत किडनी विकत घेणं बेकायदेशीर आहे, म्हणजे किंमत लावून प्रश्न सुटणार नाही, मग शेकडो जोड्यांमधून कुणाची कुणाशी गाठ घालायची? हे ठरवायची पद्धत अल्विन रॉथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ च्या सुमारास बसवली, आणि ती अर्थशास्त्राच्या मॅचिंग थिअरीतून आली. रॉथना २०१२ मधे लॉइड शॅपलींबरोबर अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. मला कुणी म्हणालं की अर्थशास्त्र म्हणजे नफातोटा, की मी हेच उदाहरण सांगतो.

बरं, मग तीन-चार वर्षं घालवून हातात काय येतं?

माझ्या मते एक सवय येते, आणि बाकी सगळे फायदे तिच्यातूनच निघतात. कुणी काहीही दावा केला की पहिला प्रश्न मनात येतो, "कशाच्या तुलनेत?"

पहिल्याच सेमिस्टरला संधीखर्च शिकवतात, म्हणजे एखाद्या गोष्टीची खरी किंमत म्हणजे तिच्यापायी सोडून दिलेली सगळ्यात चांगली दुसरी गोष्ट. फी माफ असली तरी डिग्री फुकट नसते, कारण तेवढी वर्षं कमावलं असतं ते गेलं. ऐकायला सोपं वाटतं पण हे अंगात मुरायला वेळ लागतो. सरकारने पूल बांधला आणि इतक्या लोकांना काम मिळालं अशी बातमी आली की बाकीचे पूल बघतात आणि आपण विचारायला लागतो की तेच पैसे दुसरीकडे लावले असते तर काय झालं असतं, आणि ती कामं लोकांना तशीही मिळाली असती का.

मग शेवटच्या वर्षांत इकॉनोमेट्रिक्स येतं, आणि हाच प्रश्न आकड्यांना कसा विचारायचा ते कळतं. याचं एक उदाहरण जरा नीट सांगतो कारण मला या विषयाची खरी गोडी तिथे लागली.

१ एप्रिल १९९२ ला अमेरिकेत न्यू जर्सी राज्याने किमान वेतन तासाला ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर केलं. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात ते ४.२५ वरच राहिलं. पुस्तकातला साधा मागणी-पुरवठा सांगतो की मजुरी महाग झाली की मालक माणसं कमी करणार. डेव्हिड कार्ड आणि अॅलन क्रूगर यांनी दोन्ही बाजूंची मिळून ४१० फास्ट फूड रेस्टॉरंटं घेतली आणि वाढीच्या आधी आणि नंतर तिथे किती माणसं कामावर आहेत ते विचारलं. न्यू जर्सीत एका रेस्टॉरंटमागे सरासरी २०.४४ पूर्णवेळ कामगारांइतकी माणसं होती ती २१.०३ झाली, म्हणजे जवळपास तेवढीच. आता फक्त एवढंच बघितलं तर म्हणाल, काही फरक पडला नाही. पण पेनसिल्व्हेनियात, जिथे वेतन वाढलंच नव्हतं, तिथे २३.३३ ची २१.१७ झाली. मंदीचा काळ होता, वेतन वाढलं नसतं तर न्यू जर्सीतही कदाचित तशीच घट दिसली असती. म्हणजे तुलनेने न्यू जर्सीत नोकऱ्या घटल्याच नाहीत, उलट रेस्टॉरंटमागे पावणेतीन माणसं जास्तच निघाली.

यावर पुढे कित्येक वर्षं भांडण चाललं. दुसऱ्या संशोधकांनी पगारपत्रकांचा डेटा घेऊन वेगळं उत्तर काढलं, मग कार्ड-क्रूगरनी पुन्हा २००० मधे नव्या डेटावर उत्तर दिलं. कार्डना २०२१ चं नोबेल मिळालं तरी किमान वेतन कितीही वाढवलं तरी चालतं असं त्यातून सिद्ध होत नाही, आणि हे समजणं हाही शिक्षणाचाच भाग आहे. पण शेजारच्या राज्याला आरसा म्हणून वापरायची ती कल्पना एकदा कळली की वर्तमानपत्रातला "अमुक योजनेमुळे तमुक वाढलं" हा मथळा पूर्वीसारखा वाचताच येत नाही.

पगार चांगला मिळतो का? खरं सांगा.

सरासरी बघितली तर बऱ्याच देशांत अर्थशास्त्राचे पदवीधर बाकीच्या सामाजिक शास्त्रांपेक्षा जास्त कमावतात. पण थांबा, इथेही तोच प्रश्न लावा. हुशार आणि पैशाच्या मागे लागलेली मुलंच अर्थशास्त्र घेत असतील तर? मग ती दुसरं काही शिकली असती तरी जास्तच कमावली असती, विषयाला श्रेय कशाला द्यायचं?

यावर एक छान अभ्यास झालाय. कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीच्या सांताक्रूझ कॅम्पसला नियम होता की अर्थशास्त्राच्या सुरुवातीच्या कोर्सेसमधे ४ पैकी २.८ च्या खाली ग्रेड आली तर अर्थशास्त्र मेजर म्हणजे मुख्य विषय म्हणून घेता येणं अवघड. आता २.७९ वाला आणि २.८१ वाला यांच्यात अकलेचा काय फरक असणार? काहीच नाही, पण एकाला विषय मिळाला आणि दुसऱ्याला दुसऱ्या पसंतीचा घ्यावा लागला. झॅकरी ब्लीमर आणि आशिष मेहता यांनी या रेषेच्या अलीकडची आणि पलीकडची मुलं पुढे किती कमावतात ते बघितलं, तर अर्थशास्त्र मिळालेल्यांचा करिअरच्या सुरुवातीचा पगार वर्षाला सुमारे २२,००० डॉलर म्हणजे ४६ टक्के जास्त निघाला. त्यातला साधारण अर्धा फरक ती मुलं फायनान्स वगैरे जास्त पगाराच्या क्षेत्रांत गेली म्हणून होता.

हा एका कॅम्पसचा आकडा आहे, तो तुमच्या युनिव्हर्सिटीला जसाच्या तसा चिकटवू नका. आणि त्या अर्ध्याचा अर्थ नीट लक्षात घ्या, म्हणजे अर्थशास्त्र शिकून तुम्ही एखाद्या छोट्या संस्थेत गरिबीवर काम करायला गेलात तर तो अर्धा तुम्हाला मिळणार नाही. ती तुमची निवड, आणि माझ्या मते चांगली निवड.

नोकऱ्या कुठे कुठे मिळतात?

बँका, सेंट्रल बँक, विमा कंपन्या, कन्सल्टिंग, सरकारी नियोजन आणि आकडेवारी खाती, वर्ल्ड बँक-आयएमएफसारख्या संस्था, पत्रकारिता, शिक्षण, एनजीओ, आणि हल्ली टेक कंपन्या. टेकचं लोकांना नवल वाटतं, पण ऑनलाइन जाहिरातींची जागा लिलावाने विकली जाते, टॅक्सी अॅपचं भाडं मागणी-पुरवठ्यावर सेकंदासेकंदाला बदलतं, हे सगळं अर्थशास्त्रच आहे. मोबाइल कंपन्यांना रेडिओ लहरी म्हणजे स्पेक्ट्रम विकायचा लिलाव कसा घ्यावा हे अमेरिकेत १९९४ मधे पॉल मिलग्रोम आणि रॉबर्ट विल्सन यांच्या डिझाइनवर ठरलं, त्यांना २०२० चं नोबेल मिळालं.

तोटा हा की डॉक्टर किंवा सिव्हिल इंजिनियरसारखं ठरलेलं एकच काम समोर नसतं. घरच्यांना "म्हणजे तू नक्की होणार कोण?" याचं एका शब्दात उत्तर देता येत नाही. काहींना याचा त्रास होतो, काहींना हीच मोकळीक वाटते.

गणित किती लागतं? मला गणिताची भीती वाटते.

लागतं. उगाच गोड बोलत नाही. पदवीला कॅल्क्युलस, थोडं मॅट्रिक्सचं गणित आणि बरंच स्टॅटिस्टिक्स असतं. पण भीती बहुतेकदा अवघड गणिताची नसते, ते कशासाठी करतोय हे न कळल्याची असते, आणि इथे कशासाठी हे सतत दिसत राहतं.

डेव्हिड रिकार्डो या जुन्या इंग्लिश अर्थतज्ज्ञाचं १८१७ चं उदाहरण बघा, फक्त बेरीज-वजाबाकी आहे. पोर्तुगालला ठराविक वाइन बनवायला वर्षभर ८० माणसं लागतात आणि ठराविक कापड विणायला ९०. इंग्लंडला तेवढंच कापड विणायला १०० आणि वाइनला १२०. पोर्तुगाल दोन्हीत सरस! मग त्याने इंग्लंडकडून काही कशाला घ्यावं? पण पोर्तुगालने ८० माणसांत वाइन बनवून ती देऊन कापड आणलं तर ९० च्या ऐवजी ८० त भागलं, १० माणसं वाचली. इंग्लंडने १०० माणसांत कापड विणून वाइन आणली तर १२० च्या ऐवजी १००, वाचली २०. दोघांचाही फायदा, जो सगळ्यात मागे आहे त्याचाही. हे कागदावर स्वतः मांडून बघा आणि पटतंय का बघा. आणि मग हेही विचारा की इंग्लंडमधे जो वाइन बनवत होता त्याचं काय झालं, कारण देशाचा फायदा झाला म्हणजे प्रत्येकाचा झाला असं नाही, आणि पुढचे पेपर यावरच असतात.

असं गणित आवडलं तर बाकीचं जमेल.

बिझनेस किंवा फायनान्स घेतलं तर काय बिघडलं?

काहीच नाही. अकाउंट्स, मार्केटिंग, कंपनी चालवणं यात रस असेल तर तेच घ्या, तिथे पहिल्या दिवसापासून कामाला येईल असं शिकवतात. अर्थशास्त्रात एका कंपनीपेक्षा सगळ्या बाजाराचा विचार होतो. एका दुकानदाराने भाव कमी केला तर त्याचं गिऱ्हाईक वाढेल, हा झाला बिझनेसचा विचार. सगळ्यांनीच कमी केला तर काय होईल, हा अर्थशास्त्राचा. एका घराने काटकसर केली तर त्याची शिल्लक वाढते पण मंदीत सगळ्या घरांनी एकदम खर्च आवरला तर सगळ्यांचंच उत्पन्न पडतं, ब्रिटिश अर्थतज्ज्ञ जॉन मेनार्ड केन्सनी १९३० च्या दशकात हेच जीव तोडून सांगितलं.

हे सगळं यूट्यूबवर फुकट आहे, युनिव्हर्सिटीत कशाला जायचं?

लेक्चर्स खरंच उत्तम आहेत, जरूर बघा. पण व्हिडिओ बघताना सगळं कळल्यासारखं वाटतं आणि कोरा कागद समोर आला की पहिली ओळ सुचत नाही. युनिव्हर्सिटीत दर आठवड्याला प्रॉब्लेम सेट सोडवून द्यावा लागतो, तो चुकतो, कुणीतरी लाल पेनाने कुठे चुकला ते दाखवतं. प्रबंधासाठी खरा, घाणेरडा डेटा साफ करावा लागतो, अर्धे रकाने रिकामे, कुठे वय १९९ लिहिलेलं, एकाच गावाचं नाव चार तऱ्हांनी. मग आकड्यांतून निष्कर्ष काढलात की वर्गातला कुणीतरी हात वर करून विचारतो की उलटंही असू शकेल ना, म्हणजे परिणामच कारण असेल तर? त्या प्रश्नाला तिथल्या तिथे उत्तर द्यायची जी सवय लागते ती एकट्याने बसून लागणं फार कठीण.

शिवाय डिग्रीचा कागद हा मालकासाठी एक इशाराही असतो. मायकल स्पेन्स यांनी १९७३ मधे मांडलं की शिकून कौशल्य अजिबात वाढत नसलं तरी डिग्रीला किंमत येऊ शकते, कारण ती पार पाडणं ज्यांना सोपं जातं तेच ती घेतात आणि मालकाला त्यावरून माणूस ओळखता येतो. त्यांना २००१ मधे नोबेल मिळालं. म्हणजे आपल्याच डिग्रीची किंमत कशामुळे आहे हा प्रश्नसुद्धा इथे शिकवतात, मला याचं फार कौतुक वाटतं.

२००८ चं संकट अर्थतज्ज्ञांना आधी दिसलं नाही, मग शिकून काय उपयोग?

रास्त राग आहे. लेहमन ब्रदर्स ही अमेरिकेतली मोठी बँक १५ सप्टेंबर २००८ ला बुडाली आणि नोव्हेंबरमधे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला भेट द्यायला आलेल्या ब्रिटनच्या राणीनेही साधारण हेच विचारलं होतं की कुणाच्याच कसं लक्षात आलं नाही. काहींनी धोक्याचे इशारे दिले होते, पण मुख्य प्रवाहातल्या मॉडेल्समधे बँकांना पुरेशी जागाच नव्हती, ही चूक विषयाची होती आणि अभ्यासक्रम त्यानंतर बरेच बदललेत.

पण दुसरी बाजू बघा. १९३० च्या महामंदीत अमेरिकेत हजारो बँका बुडू दिल्या गेल्या आणि १९३३ मधे बेकारी २५ टक्क्यांच्या आसपास गेली. त्या काळात बँका बुडाल्यामुळेच मंदी इतकी लांबली, हे १९८३ च्या शोधनिबंधात दाखवणारे बेन बर्नान्की २००८ मधे फेडरल रिझर्व्हचे म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष होते. या वेळी मध्यवर्ती बँकेने पैसा ओतला, आणि बेकारी ऑक्टोबर २००९ मधे १० टक्क्यांवर जाऊन तिथून उतरली. सगळं श्रेय त्यांचं असं म्हणणार नाही, दोन काळांत इतरही बरेच फरक होते. पण जुन्या आपत्तीचा अभ्यास पुढच्या वेळी कामाला येतो हे इथे दिसतं. संकटाची तारीख सांगणं हे या विषयाचं काम नाही. ती कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर सावध राहा.

माणूस काही इतका हिशोबी नसतो, मग ती गृहीतकं खोटीच ना?

बऱ्याच अंशी हो, आणि हे आता विषयाच्या आतच शिकवतात. डॅनियल काहनेमन मानसशास्त्रज्ञ होते, त्यांना २००२ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते यासाठीच. एलिनॉर ऑस्ट्रॉम राज्यशास्त्रातल्या, २००९ मधे हे नोबेल मिळालेल्या पहिल्या स्त्री. समाईक कुरणं, पाणी, मासेमारी यांचा लोक आपसांत नियम करून नीट वापर करू शकतात, सरकार किंवा खाजगी मालक लागतोच असं नाही, हे त्यांनी प्रत्यक्ष जागा धुंडाळून दाखवलं. सोपं गृहीतक घेऊन सुरुवात करायची आणि मग ते कुठे मोडतं ते शोधायचं, अशी पद्धत आहे. पहिल्याच वर्षी विषय सोडणाऱ्यांना त्यातला फक्त पहिला भाग दिसतो, हे मात्र खरं दुर्दैव.

अर्थशास्त्र शिकून माणूस स्वार्थी होतो असं ऐकलंय?

१९८१ मधे मारवेल आणि एम्स यांनी एक प्रयोग छापला. सगळ्यांच्या फायद्याच्या सामाईक खात्यात आपल्याकडच्यातलं किती टाकाल, असा खेळ होता. बाकीच्यांनी सरासरी ४९ टक्के टाकले, अर्थशास्त्राच्या मास्टर्स-पीएचडीला नुकत्याच आलेल्या विद्यार्थ्यांनी २० टक्के. आता विचार करा, विषयाने त्यांना तसं केलं की तशीच माणसं या विषयाकडे जातात? ती तर नुकतीच आलेली होती. इथे दोन पंथ आहेत आणि दोन्हीकडे पुरावे आहेत. माझा अनुभव असा की ज्यांना गरिबी, असमानता, हवामान यांची चिंता आहे अशी मुलं या विषयात खूप येतात, आणि त्यांची जास्त गरज आहे.

रोजच्या आयुष्यात काही फायदा?

आहे. पगार ५ टक्के वाढला आणि महागाई ७ टक्के असेल तर पगार प्रत्यक्षात कमी झालाय हे आपोआप कळतं. ७० ला व्याजदराने भागलं की रक्कम साधारण किती वर्षांत दुप्पट होते ते निघतं, ७ टक्क्याने १० वर्षं, आणि कर्जालाही हेच लागू. जे पैसे गेले ते गेले, त्यांच्यासाठी आणखी वेळ घालवायचा नाही, हेही शिकतो.

एआय आल्यावर हे सगळं जाईल का?

ग्राफ काढणं, कोड लिहिणं, रिपोर्टचा पहिला मसुदा, हे यंत्र पटकन करतं आणि पुढे आणखी चांगलं करेल. म्हणून नुसतं सॉफ्टवेअर येतं या भरवशावर राहू नका. पण तुलना कुणाशी करायची, हा डेटा कुणी कशासाठी गोळा केला, यात कोण सुटलंय, याची जबाबदारी सही करणाऱ्या माणसावरच राहते. आणि यंत्रामुळे कुणाचं काम जाईल, कुणाचं वाढेल, नफा कुणाकडे जाईल, हा अर्थशास्त्राचा आजचा सगळ्यात मोठा प्रश्न आहे.

जोडीला कुठला विषय घेऊ?

स्टॅटिस्टिक्स किंवा कॉम्प्युटर घेतलात तर नोकरी सोपी. इतिहास घेतलात तर अर्थशास्त्र जास्त चांगलं कळेल, हे माझं ठाम मत आहे, क्लॉडिया गोल्डिन यांनी सुमारे २०० वर्षांच्या जुन्या नोंदी चाळून स्त्रियांच्या कमाईचा इतिहास उभा केला आणि २०२३ चं नोबेल मिळवलं. पीएचडी करायची असेल तर मात्र गणितच घ्या, रिअल अॅनालिसिस आणि लिनियर अल्जेब्रासकट.

पीएचडी केलीच पाहिजे का?

नाही. संशोधन किंवा प्राध्यापकी करायची असेल तरच. बहुतेक नोकऱ्यांना पदवी किंवा मास्टर्स पुरतं.

हा विषय कुणी घेऊ नये?

ज्यांना एकच पक्कं उत्तर लागतं त्यांनी. इथे बऱ्याच प्रश्नांचं उत्तर "अवलंबून आहे" असं असतं, आणि मग कशावर आणि किती ते सांगावं लागतं. आणि ज्यांना फक्त पटकन श्रीमंत व्हायचंय त्यांनीही नको, दुसऱ्या वर्षाला कंटाळतील.

अॅडमिशन घ्यायच्या आधी काय तपासू?

सिलॅबस उघडा. इकॉनोमेट्रिक्स सक्तीचं आहे का आणि किती पेपर आहेत, प्रॅक्टिकलला आर, पायथन किंवा स्टेटा असं डेटा हाताळायचं सॉफ्टवेअर प्रत्यक्ष चालवायला देतात का की नुसती सूत्रं पाठ करायची, शेवटच्या वर्षी प्रबंध आहे का, आर्थिक इतिहासाचा पेपर आहे का, एवढं बघा. मग तिथल्याच दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठून विचारा की गेल्या सेमिस्टरला स्वतः कुठला डेटा हाताळला. उत्तर आलं नाही तर दुसरीकडे फॉर्म भरा.